जळका डाग आणि चंद्राचं गाणं

मी इस्त्री बोलतेय. आणि पहिली गोष्ट हीच सांगते की माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. "जुनी झालीय, आपोआप तापली असेल," म्हणाले. आपोआप! भिंतीत प्लग घातल्याशिवाय मी जन्मात कधी तापले नाही. आपोआप तापतात ती माणसं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कारखान्यातून निघाले ती थेट एका लाँड्रीत आले आणि लाँड्रीची मागची भिंत होती प्राथमिक शाळेची. पाढे, कविता, बाईंचा ओरडा, सगळं भिंतीतून कानावर यायचं. पाचवीचा वर्ग रस्त्यापलीकडे होता. तिथपर्यंत माझी वायर पुरत नव्हती.

लाँड्री बंद पडली तेव्हा तिथं काम करणाऱ्या बाईनं मला पिशवीत घातलं आणि नाटकगृहात आणलं. तिथं तिला कपडेपटात काम मिळालं होतं. सगळे तिला मावशी म्हणतात. घरी ती आणि तिचे थकलेले सासरे. दोघांची चूल या एका नोकरीवर पेटते. अकरा वर्षं आम्ही दोघींनी राजांचे अंगरखे, भिकाऱ्यांची लक्तरं आणि देवदूतांचे पंख सरळ केले. लक्तरांनासुद्धा इस्त्री लागते, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही.

आमची खोली रंगमंचाच्या मागे, जाड भिंतीआड. तिथं गाणं पोचायचं ते झाकण ठेवलेल्या पातेल्यातल्या खदखदीसारखं. त्यात राम नव्हता. त्यामुळे नाटक काय चीज आहे हे मला दहा वर्षं कळलंच नाही.

मग ते फ्रेंच संगीत नाटक आलं. गाणारी मंडळी इथलीच, पण गाणी सगळी फ्रेंच. संगीत मास्तरांनी सहा महिने घोकून घेतली होती. प्रेक्षकांसाठी वर पाटीवर अर्थ उमटायचा. मागे काम करणाऱ्यांना कसली पाटी? शिंपीकाका पहिल्याच दिवशी म्हणाले, "मावशी, कापूस घाला कानात. तीन तास नुसतं गुळण्या केल्यासारखं चाललंय."

मावशीही हसली. पण तिसऱ्या प्रयोगाला होडीवालीच्या झग्याची किनार ऐन वेळी चुरगळली. होडीवाली म्हणजे नाटकाची नायिका. ती खोलीत यायला तयार नव्हती, प्रवेश तोंडावर आलेला. मावशीनं मला उचललं, लांब वायर जोडली आणि विंगेत एका स्टुलावर किनार सरळ करून दिली. होडीवाली आत गेली. आम्ही दोघी तिथंच राहिलो.

काय सांगू! एक बाई आयुष्यभर लोकांना नदीपार नेते, पण स्वतः कधी त्या काठावर उतरत नाही. तिचा माणूस पलीकडे गेलेला, परत न आलेला. अंधार पडतो, पाणी दिसत नाही, आणि ती चंद्राला हाक मारते. वरून दोरीवर मोठा पिवळा चंद्र हळूहळू खाली येतो. तो येईपर्यंत ती जे गाते ना, त्यानं माझा थंड पडलेला तळ पुन्हा तापला असता. प्लगशिवाय! आता म्हणाल, मगाशी काय सांगितलंस? मगाशी मी गाण्याचं बोलत नव्हते.

शब्द एक कळला नाही, पण कळायचं काहीच राहिलं नाही. मावशीला तर पदराला डोळे पुसायचंही भान नव्हतं.

त्या दिवसापासून मावशी बिघडली. चंद्राचं गाणं सुरू झालं की माझा प्लग काढायची, मला टाचेवर उभं करायची आणि विंगेत जाऊन उभी राहायची. नऊ मिनिटं. परत आली की गुणगुणायची आणि त्या तालावर मी कपड्यांवरून फिरायचे. 'ल्यून' म्हणजे चंद्र हे तिनं स्वतः शोधलं, कारण तो शब्द आला की होडीवालीची मान वर जायची. 'व्हियँ' म्हणजे ये, कारण हात पुढे. पंधरा दिवसांत अख्खं नाटक तिला तोंडपाठ, आणि तिच्यामुळे मलाही. भिंतीपलीकडचे पाढे असेच पाठ झाले होते माझे.

आता साहेब. नाटकगृहाचे व्यवस्थापक. माणूस मनगटाकडे बघितल्याशिवाय 'हो' म्हणत नाही आणि 'नाही' म्हणायला तर दोनदा बघतो. पाठीमागे सगळे त्याला एका नावानं ओळखतात. तोंडावर ते घ्यायची कुणाची छाती झाली नव्हती. मीही आत्ताच घेत नाही.

दुपारचा प्रयोग होता. बडे पाहुणे येणार म्हणून साहेब नवा जांभळा टाय लावून दारात उभे होते. चंद्राचं गाणं सुरू झालं, मावशीनं माझा प्लग काढला आणि गेली. दुसऱ्या अंकाचा पांढरा झगा टेबलावर पसरलेला होता, कडक, बिनडागाचा. तेवढ्यात खोलीत कुणीतरी शिरलं, प्लग घातला, मला एका टायवर दाबलं. टाय आकसला, माझ्या तळाला चिकटला. एक शिवी ऐकली. मग अंक संपल्याची घंटा वाजली, आणि मला तसंच, तोंड खाली करून, झग्यावर टाकून पावलं पळाली.

मी ओरडणार कशी? मला धग आहे, आवाज नाही.

मावशी आली तेव्हा धूर निघत होता. झग्याच्या छातीवर माझा अख्खा ठसा, तपकिरी. रडायला वेळ नव्हता. तिनं शाल आडवी टाचली, होडीवालीला उभं केलं आणि अंक पार पडला.

पडदा पडल्यावर सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं. साहेबांनी गळ्यापर्यंत जाकिटाची बटणं लावली होती. मनगटाकडे बघून म्हणाले, "मावशी, उद्यापासून यायचं नाही."

"साहेब, मी खोलीत नव्हतेच. प्लग काढून गेले होते."

"कुठे?"

"विंगेत. गाणं ऐकायला."

हशा पिकला. साहेब सगळ्यात मोठ्यानं हसले. "फ्रेंच गाणं? तुम्ही? गाढवाला गुळाची चव काय!"

शिंपीकाका मध्ये पडले. "साहेब, इस्त्रीच बिघडली असेल. म्हातारी झालीय." म्हणजे बिचाऱ्यांनी मावशीला वाचवायला मला पुढं ढकललं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

विंगेत तिला कुणी पाहिलं नव्हतं. तिथं अंधार, आणि चंद्राच्या दोरीवाल्याची मान सारा वेळ वर. मावशीनं सगळ्यांकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि गायला सुरुवात केली.

चंद्राचं गाणं. पहिल्या शब्दापासून. आवाज घोगरा, पण सूर नेमका. तिनं शेवटची ओळ म्हटली, पुन्हा म्हटली, तिसऱ्यांदा म्हटली. मग शब्दच सोडून नुसती गुणगुणली आणि टाचेनं फळीवर दोनदा ठोकलं.

संगीत मास्तर ताडकन उठले. "थांबा! हे ठोकणं कुठून आणलं?"

"होडीवालीनं वल्ह्यानं ठोकलं ना. चंद्राची दोरी अडकली होती, तो येईचना. म्हणून तिनं ओळ तीनदा घेतली."

"साहेब," मास्तर म्हणाले, "दोरी आजच अडकली. आजवरच्या एकाही प्रयोगात हे झालं नव्हतं. ही बाई विंगेत उभी होती."

"आणि माझ्यापेक्षा बरं गायली," होडीवाली म्हणाली. "मी दुसऱ्या ओळीला घसरले होते."

"घसरला होतात," मावशी म्हणाली. "पण सावरलात छान."

मग ती आत गेली, मला घेऊन आली आणि सगळ्यांसमोर उलटी केली. माझ्या तळावर जांभळी वितळलेली पट्टी.

शिंपीकाकांनी नखानं खरवडून बघितलं. "नायलॉन. नाटकात या रंगाचा धागा नाही. हा टाय आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या त्या गळ्यापर्यंत लावलेल्या बटणांकडे. साहेबांनी मनगटाकडे बघितलं. या खेपेला घड्याळही त्यांच्या मदतीला आलं नाही.

मावशी अजून तिथंच आहे. मी आता फळीवर बसते, कारण नवी वाफेची इस्त्री आलीय. पोरगी हलकी आहे, तिला सूर अजून सापडायचाय. शेवटच्या प्रयोगाला होडीवालीनं मावशीला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं, आणि मी तिच्या मांडीवर होते. चंद्र पहिल्यांदा समोरून बघितला. कापडाचाच आहे, पण काय येतो खाली!

माझं एवढंच मागणं: मला भंगारात घालाल त्या दिवशी आधी तळावरचा जांभळा रंग खरवडू नका. ती माझी साक्ष आहे.

झग्याचा जळका तुकडा मावशीनं खोलीच्या भिंतीवर टांगलाय. नवीन येणारं माणूस विचारतंच, "मावशी, हे कुणी जाळलं हो?" परवा विचारलं तेव्हा साहेब दारातच उभे होते. मावशीनं गाणं थांबवलं नाही, हात थांबवला नाही. दोन ओळींच्या मधल्या श्वासात, दारापर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात तिनं सांगितलं, "घड्याळोबानं!"