तिला बोलतं करणारी माणसं

घरात तिला सगळे घुमी म्हणायचे. शाळेत असताना पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला सांगितलं की ती पडद्यामागे जाऊन उभी राहायची. तेव्हा कधीतरी दादाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे ती तिशी ओलांडून गेली, दादाचं लग्न झालं, त्याला टक्कल पडायला लागलं, पण नाव काही सुटलं नाही.

ती कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून लोकांच्या हिरड्यांचे ठसे यायचे. त्यावरून ती प्लास्टरचा साचा ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, वरखाली चावा जुळतो का ते बघायची. कामाच्या खोलीत ती आणि तिथले मालक असे दोघंच. मालकांना ती काका म्हणायची. काका हळू आवाजात रेडिओ लावायचे, ती कवळ्या घासून गुळगुळीत करायची, दिवस कसा जायचा कळायचं नाही. तिला माणसं आवडत नव्हती असं नाही. एका वेळी एक, आणि जरा सावकाश, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण हे म्हणणं कुणी विचारलंच नव्हतं.

वहिनीने मनावर घेतलं आणि तिचं नाव फोनवरच्या एका जोडी जुळवणाऱ्या अ‍ॅपवर टाकलं. आवडी काय लिहायच्या यावर वहिनी आणि दादाचीच चर्चा झाली. "नाचायला आवडतं, असं लिही," दादा म्हणाला. ती शेजारच्याच खुर्चीत बसून पाव खात होती.

पहिला आला तो कुठल्याशा कचेरीत हिशेब बघणारा. तोही कमी बोलणारा, म्हणून वहिनी खूश. प्रत्यक्षात तो तासभर चमच्याकडे बघत बसला. तिने दोनतीन गोष्टी विचारल्या, त्याने "हो", "नाही" आणि "बघू" अशी उत्तरं दिली. ती कंटाळून घरी आली.

"काय काय बोललात?" वहिनीने विचारलं.

"काहीच नाही."

"अगं, मग जमलंच की तुमचं!"

तिला हसावं की रडावं कळेना. दोघांच्या पायातले बूट एकाच मापाचे निघाले म्हणून कुणी लग्न लावतं का?

मग आला सहलवाला. लोकांना गाडीत घालून डोंगर, समुद्र दाखवून आणणं हा त्याचा धंदा. हा बोलका, अगदी नळ सोडल्यासारखा. पहिल्या भेटीत त्याने कॉफी मागवली आणि कप रिकामे होऊन टेबल पुसून झालं तरी तो बोलतच होता. ती खरं तर सुखावली. आपल्याला काही सुचवावं लागत नाही, कुणी "बोल की" म्हणून कोपराने ढोसत नाही, हे बरं वाटलं. त्याच्या गोष्टीही मजेदार असायच्या. दुसऱ्या भेटीत त्याने आवाज खाली आणून सांगितलं, "कुणाला सांगू नकोस, पण मला उंचीची भीती वाटते. कड्यावर लोकांना नेतो तेव्हा मी गाडीतच बसतो." तिला तो तेव्हा फार आवडला. तिने त्याला कामाबद्दल सांगायला सुरुवात केली. एका आजोबांनी नवी कवळी घातल्यावर आरशात बघून आधी शिट्टी वाजवून पाहिली होती, ते तिला सांगायचं होतं. पण आजोबा आरशापर्यंत पोचायच्या आत त्याला स्वतःचे आजोबा आठवले.

घरी मात्र आनंदीआनंद. "तो बोलतो, तू ऐकतेस," आई म्हणाली. "याहून जास्त काय जुळायचं असतं?"

पुढच्या रविवारी तो ठरल्या जागी आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन माणसं होती. एक त्याच्या धंद्यातला भागीदार, आणि एक आखूड केसांची बाई. ही बाई लोकांना गाडी चालवायला शिकवायची. मित्रमंडळी येणार हे त्याने तिला आधी सांगितलं नव्हतं. तरी ती खुर्ची ओढून बसली.

"हीच ती," सहलवाला म्हणाला. "दातांच्या दवाखान्यात असते. रिसेप्शनला."

"मी कवळ्या बनवते," ती म्हणाली.

"तेच ते." त्याने हात उडवला. "अरे, हिचा मुख्य गुण ऐका. बोलत नाही! माझी आधीची आठवते ना? नुसती कटकट. हिला काहीही सांगा, वर तोंड करून बोलणार नाही. घरात शांतता हवी असेल तर अशीच बायको करावी माणसाने."

भागीदार हसला. "खरंच बोलत नाही? वहिनी, काहीतरी बोला ना!"

"नाही बोलणार, लाव पैज," सहलवाला म्हणाला.

"बोला ना वहिनी! एक शब्द! कॉफी कशी आहे तेवढं तरी सांगा!"

शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. गाडी शिकवणारीही हसली. इकडे तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. लहानपणी पडद्यामागे उभं राहिल्यावर जी लाज वाटायची ती आता येईल म्हणून ती थांबली. पण आली ती लाज नव्हती. तिला संताप आला होता, इतका स्वच्छ की तिला स्वतःचंच नवल वाटलं.

"विचारते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "इतके दिवस भेटतोय आपण. मी कुठे राहते?"

"तिकडे... पुलाच्या पलीकडे ना?"

"घरी कोण कोण आहे?"

"आता ही काय परीक्षा आहे का?" तो हसत भागीदाराकडे बघू लागला.

"तुला कॉफीत साखर चालत नाही. तुझा डावा गुडघा दुखतो. तुला उंचीची भीती वाटते, लोकांना कड्यावर पाठवून तू गाडीत बसतोस. हे सगळं मला माहीत आहे, कारण तू सांगत होतास तेव्हा मी ऐकत होते. मी शांत आहे म्हणजे रिकामी नाही. तुला बायको नको, तुला भिंत हवी आहे. ती कुठेही मिळेल, भाड्याने मिळेल."

भागीदाराने "उंचीची भीती?" म्हणून तोंडावर हात धरला. सहलवाल्याचा चेहरा उतरला. ती पिशवी उचलून चालू लागली. रस्त्यावर आल्यावर तिने चाल जरा कमी केली. उंचीचं बोलायला नको होतं, असं तिला वाटलं. बाकीचं सगळं बोलायलाच हवं होतं.

ती घरी पोचायच्या आधी त्याचा फोन पोचला होता. दादा दारातच उभा.

"चारचौघांत त्याची लाज काढलीस म्हणे?"

"त्याने माझी काढली ते सांगितलं का?"

"अगं, गंमत केली असेल! तो बोलका माणूस. जन्मभर तुझ्या तोंडातून शब्द फुटला नाही, आणि आता फुटला तो असा?"

"उद्या फोन करून माफी माग," वहिनी म्हणाली. "बोलावं गं, पण गोड बोलावं."

आई सोफ्यावरून म्हणाली, "घुमे, हातचं स्थळ असं घालवू नये."

चपला काढता काढता ती थांबली. एक चप्पल पायात, एक बाहेर.

"लहानपणापासून तुम्ही माझ्या मागे लागलात, बोल, बोल, बोल. आज बोलले तर म्हणता असं नाही, तसं बोल. म्हणजे मी बोलावं असं तुम्हाला कधी वाटतच नव्हतं. मी तुमच्या मनातलं बोलावं एवढंच हवं होतं. मी माफी मागणार नाही. माझं नाव त्या अ‍ॅपवरून काढा. आणि मला घुमी म्हणू नका."

"प्रेमाने म्हणतो आम्ही," दादा म्हणाला.

"प्रेमाने मारलेली टपलीही लागते, दादा."

दादा रुसला. जेवताना तो ताटाकडे बघून जेवायचा, मीठ हवं असलं तरी वहिनीकरवी मागायचा. वहिनीने तिचं नाव अ‍ॅपवरून काढलं, पण कपाटाची दारं जरा जोरात लावून. आई तिला हाक मारताना "घु—" म्हणून अडखळायची आणि मग तिचं खरं नाव घ्यायची, पाहुणीला हाक मारल्यासारखं. तिला वाईट वाटायचं. पण तिने माघार घेतली नाही. कामावर काकांनी एवढंच विचारलं, "बरी आहेस ना?" ती "रागात आहे" म्हणाली. "बरं," म्हणून त्यांनी चहा पुढे सरकवला.

आणि मग गाडी शिकवणाऱ्या बाईचा निरोप आला. नंबर तिने भागीदाराला सांगून सहलवाल्याकडून मिळवला होता. 'त्या दिवशी मी हसले. चूक झाली. भेटशील का?' तिने तो निरोप पुनःपुन्हा वाचला. भेटावंसं वाटत नव्हतं, पण रागही मनातल्या मनात ठेवायचा नव्हता.

शिकाऊ लोकांना नेतात त्या मोकळ्या मैदानाच्या कडेला दोघी गाडीत बसल्या.

"तू का हसलीस?" तिने पहिलंच विचारलं.

"सगळे हसत होते म्हणून." बाईने स्टीअरिंगवर हात ठेवले. "मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी गप्प बसले."

"गप्प बसलीस त्याचं काही नाही. हसलीस त्याचं लागलं."

"हो," बाई म्हणाली. सबब सांगितली नाही, विषय बदलला नाही. समोर एक म्हातारे गृहस्थ गाडी मागे घ्यायला शिकत होते आणि पुनःपुन्हा कडेला मांडून ठेवलेल्या टायरला धडकत होते. दोघी बराच वेळ ते बघत राहिल्या.

"रोज असंच बघतेस?" तिने विचारलं.

"रोज. आणि शेजारी बसून ओरडायचं नाही, हे सगळ्यात अवघड असतं." मग जरा वेळाने, "तुझ्या कामात सगळ्यात अवघड काय?"

ती विचार करत राहिली. बाईने घाई केली नाही. खिडकीची काच खाली करून बाई नुसती थांबली. मग तिने सांगितलं, सावकाश, मध्येमध्ये थांबत. अंधार पडायला लागला तेव्हा तिचं सांगणं निम्म्यावरच आलं होतं.

पुढच्या रविवारी ती बाहेर निघाली तेव्हा वहिनीने विचारलंच, "कोण आहे तो?"

"ती आहे. मैत्रीण."

"मैत्रिणीशी तरी बोलतेस का काही? एवढा वेळ करता काय दोघी?"

"ते आमचं आम्ही बघू," ती म्हणाली आणि जिना उतरली.