कॅप्टन ग्रॅनाइटची निळी बट

"काळे केस काळेच रंगवायचे, बर्निसबाई. निळ्या केसांचा माणूस पाहिलाय का तुम्ही कधी?" न्यूयॉर्कहून आलेला नवा संपादक टॉड म्हणाला.

"आणि विजारीवरून चड्डी घालणारा तू पाहिलायस?" बर्निसने ब्रश न थांबवता विचारले.

शेजारच्या टेबलावरची ग्लोरिया फिसकन हसली. टॉडलाही हसू आले, पण तो आज निरोप द्यायलाच आला होता. पुढच्या महिन्यापासून महानायक कॅप्टन ग्रॅनाइटची चित्रकथा संगणकावर रंगणार होती आणि ब्रिजपोर्टची ही हाताने रंग भरण्याची खोली बंद होणार होती.

बर्निस या खोलीत अडतीस वर्षे बसत होती. सुरुवातीला अंकाचा कागद अगदीच रद्दड. केसांना नुसता काळा रंग दिला, तर कॅप्टनच्या डोक्यावर कोणी डांबर ओतल्यासारखे दिसे. म्हणून मध्ये एक निळी बट चमकवायची. पुढे कागद गुळगुळीत झाला, बट राहिली. नवरा गेला त्या आठवड्यातही बर्निसने ती चुकवली नव्हती.

"रंग कशानेही भरा. माझं नाव अंकात कधी नव्हतंच, आताही नको," ती म्हणाली. "पण तेवढी बट ठेव रे पोरा. एवढं एकच मागते."

"कागद सुधारला, बाई. आता तिचं काम काय?"

"त्याच्या चड्डीचं तरी काय काम आहे?"

टॉडने घड्याळ पाहिले आणि निरोप घेतला. जाताना जुन्या पानांचा एक गठ्ठा मात्र नमुन्यादाखल घेऊन गेला. बर्निसला वाईट वाटले, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

दोन महिन्यांनी औषधे आणायला गेली, तेव्हा दुकानातल्या मासिकांत कॅप्टनचा नवा अंक दिसला. तिने तो तिथेच उघडला.

बट होती. तीच, तिचीच निळी.

पण चित्रात चंद्र उजवीकडे होता आणि चमक डावीकडे. बर्निसला हसू फुटले. ब्रिजपोर्टच्या खोलीत तिच्या डाव्या हाताला खिडकी होती. त्यामुळे चित्रात चंद्र असो की दिवा, तिच्या हातून चमक डावीकडेच पडायची. ही चूक अडतीस वर्षांत कोणी पकडली नव्हती. आता संगणकवाल्यांनीही ती इमानेइतबारे उतरवून घेतली होती. तिचे डोळे भरून आले.

"नातवाला नेताय का, आजी?" दुकानदाराने विचारले.

"नाही. माझाच आहे," बर्निस म्हणाली, आणि अंक दुमडू नये म्हणून औषधांची पिशवी तिने दुसऱ्या हातात घेतली.