नानांच्या गाडीचे दोन आवाज

नानांच्या गाडीने जन्मात कुणाचं वाईट केलं नाही. गेल्या महिन्यात एकदा फाटकाच्या खांबाला घासली, तेवढीच. तेव्हा नाना म्हणाले, "खांब पुढे आला." नानांच्या नावावर खोटं जवळजवळ नाहीच, म्हणून मीही खांबाकडेच जरा संशयाने पाहिलं.

मी त्यांचा शेजारी. दुकानदार माणूस, त्यामुळे कोण काय दाखवतो आणि काय झाकतो, हे बघायची खोडच लागलेली. पण त्या आठवड्यात माझाही हिशेब लागेना.

नानांची लेक आपल्या मुलीला घेऊन माहेरीच राहते. पुष्कळ खटपटीनंतर तिला नोकरी मिळाली. सोमवारी रुजू व्हायचं आणि वेळ नेमकी मुलीच्या शाळेची. शाळा पार दुसऱ्या टोकाला. नाना म्हणाले, "मी सोडीन की नातीला. गाडी काय शोभेला ठेवलीय?" लेकीचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालीम म्हणून नाना गाडीत बसले, किल्ली फिरवली, तर गाडी म्हणाली, "टक्." एकदाच. मग मौनव्रत.

चौकातल्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावतो आणि डोळे मिटतो. घरच्यांना तो बॉनेटच्या आसपास फिरकू देत नाही.

"एकच टक् म्हणजे बॅटरीत जीव आहे, पण तो सेल्फपर्यंत पोचत नाहीय," असं म्हणून तो बॉनेटमागे गडप झाला, कुठेतरी पाना फिरवला आणि गाडी सुरू. "बॅटरीच्या वायरीचं टर्मिनल सैल होतं. आता हत्तीने ओढलं तरी निघणार नाही."

दुसऱ्या सकाळी गाडी सुतारपक्ष्यासारखी बोलू लागली. टकटकटकटक!

"हे वेगळंच," डॉक्टर म्हणाला. "आता जीवच नाही. बॅटरी उतरलीय." माझी गाडी नाकाला नाक लावून उभी केली, वायरी जोडल्या, तेव्हा कुठे नानांची गाडी जागी झाली. डॉक्टर मान खाजवत गेला, "काल तर चांगली भरलेली होती की हो."

तिसऱ्या सकाळी पुन्हा एकच टक्.

"मी स्वतःच्या हाताने आवळलेलं टर्मिनल!" डॉक्टरचा आवाज चढला. नाना ढगांकडे बघत होते, त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, पदराला हात पुसत होत्या. लेकीने मात्र माझ्याकडे पाहिलं. "काका, काल वायरी काढताना तुमचा धक्का-बिक्का..."

गाडी मी दिली आणि संशय माझ्या पदरात. भलाईचा धंदा कायम तोट्यात, तो असा.

शनिवारी तर कहरच झाला. आधी टक्. डॉक्टरने पाना फिरवला. मग टकटकटक. त्याने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. शेवटी बॉनेट धाडकन खाली टाकून म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही. गाडीला माणसं झालीयत. कुणीतरी बॅटरी उतरवतंय आणि कुणीतरी टर्मिनल सैल करतंय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग काकू पुढे आल्या.

"मीच."

"आई?"

"संध्याकाळी गाडीतला आतला दिवा लावून ठेवायचे. सकाळी चहाआधी गुपचूप बंद करायचे."

"आणि टर्मिनल?" डॉक्टरने विचारलं.

"तेही मीच," काकू ठसक्यात म्हणाल्या.

डॉक्टरने बॉनेट पुन्हा उघडलं आणि पाना त्यांच्या हातात दिला. "कुठलं ते दाखवा."

काकूंनी पाना कालथ्यासारखा धरला आणि बेधडक लाल वायरीवर ठेवला. "हे."

"ते नव्हे गं," मागून नाना म्हणाले. "काळं."

डॉक्टर नानांकडे बघतच राहिला.

"बाबा, तुम्ही?" लेक पायरीवर बसली. "थांबा, मला काही कळत नाहीय. आई, तू का केलंस?"

"यांना डावीकडचं नीट दिसत नाही. त्या दिवशी मी शेजारीच बसले होते. खांब होता तिथेच होता."

"आणि बाबा, तुम्ही?"

"डावीकडचं नीट दिसत नाही म्हणून," नाना म्हणाले.

"मग मला हो कशाला म्हणालात?"

"तू एवढी खूश झालीस गं. म्हटलं, नाही मी कशाला म्हणू? गाडीच म्हणेल."

काकू पाना घेऊन त्यांच्याकडे वळल्या. "मला तरी सांगायचं!"

"तुला कळू नये म्हणून तर उजाडायच्या आत उठत होतो."

"आणि मी तुमच्या मनाला लागू नये म्हणून या माणसाला रोज धावायला लावत होते!"

या माणसाने, म्हणजे डॉक्टरने, कपाळाला हात लावला. लेक हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही ठरवता आलं नसावं. मग तिचा आवाज उतरला. "पण सोमवारी पोरीला नेणार कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त खांब होता.

माझ्या दुकानाची वाट शाळेवरूनच जाते, हे मी कधीतरी बढाईत सांगून बसलो होतो. लेकीने त्याच दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरची, म्हणजे खऱ्या डॉक्टरची, वेळ घेतली. नानांची किल्ली खिळ्यावर गेली. बॅटरी झोपू नये म्हणून संध्याकाळी जागच्या जागी गाडी सुरू करण्यापुरती ती खाली उतरते. आता गाडी पहिल्या हाकेला ओ देते, लबाड.

सोमवारी लेक वेळेवर कामाला गेली. नात माझ्या गाडीत मागे बसली. पुढे कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. नाना आधीच दार उघडून बसले होते. मोठ्या रस्त्याला लागताना त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवली, नीट निरखलं आणि म्हणाले, "चला शेजारी, डावीकडून मोकळं आहे."

मी "बरं नाना" म्हणालो, आणि आधी टेम्पो जाऊ दिला.