पाण्याचा महिना

फायली दाबून ठेवणारी कार्यालयं, नागरिकहो, आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पण लोकांना माहिती देण्यासाठीच उघडलेल्या कार्यालयात माहिती दाबली जाते, आणि तीही हौसेनं, हे पाहिलं की अक्षरशः किळस येते.

एका पर्यावरण माहिती संस्थेत नव्या वर्षाचं नियोजन चाललं होतं. नोव्हेंबर अजून सरायचा होता. भिंतीवरच्या तक्त्यात बारा रंगांचे बारा रकाने होते. जानेवारी झाडांचा, फेब्रुवारी पक्ष्यांचा, मार्च पाण्याचा. ज्या विषयाचा महिना, त्याच विषयाची माहिती संस्थेच्या मासिकाच्या त्या महिन्याच्या अंकात बाहेर पडायची. ही शिस्त नियोजन अधिकारी बाईंनी लावलेली. मागून सगळे त्यांना कॅलेंडरबाई म्हणायचे, आणि बाईंना ते मनातून आवडायचं.

"येता मार्च जोरात आहे, सर!" बाई खुलून म्हणाल्या. "मळ्यांमागच्या वस्तीतल्या विहिरीचा अहवाल आलाय. खतांमधलं नायट्रेट पाण्यात उतरलंय, मर्यादेच्या कितीतरी वर! मुखपृष्ठावर तीच विहीर घेऊ."

"वा!" संचालक म्हणाले. "तोवर बभ्रा नको. शिळी बातमी कोण वाचतं?"

टाळ्या पडल्या. लोकांच्या पोटात विष जातंय, आणि इथे टाळ्या!

कोपऱ्यात बसलेले ग्रंथपालकाका उभे राहिले. हे गृहस्थ बैठकीत सहसा तोंड उघडत नसत. "मार्चपर्यंत त्या वस्तीनं काय प्यायचं?"

"काका, पाण्याचा महिना ठरलेला आहे," बाई म्हणाल्या. "एकदा घडी विसकटली की सगळंच विसकटतं."

"बाई, माहिती काय मुरायला ठेवायची चीज आहे? अहो, तान्ह्या मुलांना हे पाणी मारक असतं. त्यांच्या रक्तातला प्राणवायू कमी होतो, अंग निळं पडतं. आणि तुम्ही मुहूर्त काढताय! हे वरातीमागून घोडं कुणाच्या कामाचं?"

"काका, भावनिक होऊ नका," संचालक घड्याळ पाहत म्हणाले. "पुढे चला. एप्रिल."

एवढ्यात बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. विहिरीच्या पाण्याचा नमुना जिनं आणून दिला होता, तीच वस्तीतली बाई होती.

"ताई, रिपोर्ट आला का हो? बाळाच्या दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवते मी. चांगलं खळखळून उकळते. उकळल्यावर काही भीती नाही ना?"

"आमच्या मार्चच्या अंकात सविस्तर..." सवयीनं निघालेलं वाक्य बाईंनी अर्ध्यातच सोडलं. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं, हे त्यांनी स्वतःच मार्चच्या मजकुरात लिहून ठेवलं होतं. ठळक अक्षरांत, चौकटीत!

"बाळ केवढं आहे?"

"सव्वा महिन्याचं."

"थांबा! ते पाणी बाळाला देऊ नका! उकळूनही देऊ नका!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "चौकातल्या सार्वजनिक नळाचं घ्या, तो नमुना चांगला आलाय. बाळाचे ओठ, नखं निळसर दिसतायत का? तसं काही दिसलं तर तडक दवाखाना गाठा. आणि शेजारणींनाही सांगा, आत्ताच्या आत्ता!"

"दिसत नाहीत तशी, ताई." मग बारीक आवाजात प्रश्न आला, "रिपोर्ट आला कधी?"

"गेल्या आठवड्यात."

"मग सांगितलं का नाही?"

फोन ठेवताना बाईंना तो मजकूर लिहिणाऱ्या स्वतःच्याच हाताची शिसारी आली.

"तुम्ही अहवाल फोडलात!" संचालक संतापले. "मार्चचं काय आता?"

"मार्च कोरा राहू दे," बाई पर्स उचलत म्हणाल्या. "काका, चला. दारोदार जाऊन सांगू. कुणाच्या घरी अजून तान्हं असेल."

नागरिकहो, धोक्याची माहिती ही ज्याच्या जिवावर बेतते त्याच्या मालकीची असते. ती कळूनही राखून ठेवणारा विहिरीत खत ओतणाऱ्याहून तसूभरही बरा नाही. आधी सांगा, मग सजवा. नाहीतर "मग सांगितलं का नाही?" असं एखादी आई विचारील, आणि आपल्यापाशी फक्त एक सुंदर मुखपृष्ठ असेल.