सुपाची डावी बाजू

२००४ च्या उन्हाळ्यात कसबा बावड्याच्या पद्मावतीकाकूंना अर्धांगाचा झटका आला. महिन्याभरात हात वळला, त्या चालायलाही लागल्या. पण जेवताना सुनेला म्हणायच्या, "सोनल, चटणी वाढाय इसारलीस की गं." चटणी ताटातच असायची, डावीकडे. डॉक्टर म्हणाले, "डोळे चांगले आहेत. मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही."

मुलगा जिनेश त्यांना शहरातल्या एका फिजिओथेरपी केंद्रात नेऊ लागला. तिथे वर्षाराणी नावाची मुलगी कॉम्प्युटरवर सराव घ्यायची. पडद्याच्या डाव्या कडेला लाल पट्टी असे. आधी ती शोधायची, मग तिथून उजवीकडे येत एकेक चांदणी टिपायची. सुरुवातीला शंभरातल्या एकतीस चांदण्या सापडल्या, दहाव्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशी. जिनेशनं त्या दिवशी पेढे आणले.

दुसऱ्या सकाळी काकूंनी सूप मागितलं. "आता धान्य मीच निवडणार."

जैनाच्या घरात धान्य निवडणं म्हणजे नुसतं खडे काढणं नव्हे. किडा जिवंत उचलून झाडाखाली सोडायचा. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक जीव चुलीवर गेला नव्हता, असं त्या अभिमानानं सांगायच्या.

त्या निवडत बसल्या. सोनलनं पाहिलं, सुपाची उजवी बाजू लख्ख आणि डावीकडे किडे चाललेले. सासूचा उजळलेला चेहरा बघून तिला बोलवेना. आत नेऊन तिनं तांदूळ गुपचूप पुन्हा निवडले. मग रोजच तसं करू लागली.

श्रावणात एकदा काकूंचे यजमान, जिनपालआण्णा, शेजारी टेकले आणि बोलून गेले, "अगं, हिकडं किडं फिरत्यात की!" त्यांनी सूप फिरवून ती बाजू काकूंच्या उजवीकडे आणली.

काकू बघतच राहिल्या. "सोनल, किती दिस झालं हे?"

"आत्ती, मी परत निवडत होते. रोज."

"आन् तू म्हायेरी गेलतीस, ते चार दिस? भात तर मीच घातला."



जिनेश त्यांना तडक केंद्रात घेऊन गेला. पडद्यावर एक्क्याण्णव आले. वर्षाराणी खाली मान घालून म्हणाली, "काकू, इथली पट्टी तुम्हाला सवयीनं सापडते. घरात पट्टी नसते. काहींचं इथलं शिकणं बाहेर उतरतच नाही."

"मग ह्यो आकडा कुणाचा, बाई?"



काकूंनी सूप परत हातात घेतलं नाही. मग चालणंही सोडलं. आण्णा उठवायला आले की म्हणायच्या, "डाव्या पायाखाली काय येतंय, मला कुठं दिसतंय? मुंग्या हायत, किडं हायत. नगं मला ते पाप."

"मी हात धरतो. मी बघतो खाली."

"तुमास्नी तरी उभ्यानं खालची मुंगी कुठं दिसतीय?"

पर्युषणात त्या बस्तीत, जैन मंदिरात, दर्शनालाही गेल्या नाहीत. वर्षाराणी दोनदा घरी आली, पायांचा व्यायाम तरी करा म्हणाली. काकूंनी तिला चहा द्यायला सांगितला, स्वतः कॉटवरून उतरल्या नाहीत. दिवाळीपर्यंत पायांतला जोर गेला. आता उभं राहायचं म्हटलं असतं, तरी जमलं नसतं.