चौथा प्रोसेसर

ग्रंथालयाचा सर्व्हर तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर हलवायला रविवारच काय तो मोकळा होता. सोमवारी दारं उघडली की वाचक पुस्तकांची यादी त्याच्यावरच बघणार. तो सांभाळणाऱ्या बाईने सगळ्या केबल जोडल्या, बटण दाबलं आणि ती पडद्यासमोर बसली.

ओळी सरकू लागल्या. मेमरी तपासून झाली, डिस्क सापडली, ऑपरेटिंग सिस्टीम लोड व्हायला लागली. यंत्रात प्रोसेसर चार. आधी पहिला उठतो आणि मग तो बाकीच्यांना एकेक करून उठवतो. दुसरा उठला, तिसरा उठला आणि चौथ्याच्या ओळीवर सगळं ठप्प. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तेच. दुरुस्तीवाला गुरुवारशिवाय यायला तयार नव्हता. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात, जेवायला कधी येतेस, असं विचारायला नवऱ्याचा फोन आला. ती त्याच्यावरच करवादली. त्याने फोन आपल्या आईच्या हातात दिला.

सासूबाई याच ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. हे यंत्र आलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनीच सुरू केलं होतं. पण लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासू-सुनेचं बोलणं भाजी, धुणं आणि पाहुणे यांच्यापलीकडे गेलं नव्हतं. काही विचारलं तर हिला काम येत नाही असं वाटेल, ही सुनेची धास्ती. आणि आपलं जुनं कोण विचारतंय, हा सासूबाईंचा समज.

त्यांनी फोनवरच सुनेकडून पडद्यावरची शेवटची ओळ वाचून घेतली आणि निघालेच म्हणाल्या. अर्ध्या तासात आल्या त्या स्वेटर घालूनच. सर्व्हरच्या खोलीत किती गारठा ठेवावा लागतो, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"चौथा उठत नाही आणि बाकीचे त्याच्यासाठी खोळंबलेत," त्या म्हणाल्या. "आधी तिघांवरच चालू कर. बाकी सगळं धड आहे की नाही, ते तरी कळेल."

सुनेने सुरुवातीच्याच पडद्यावर तीन हा आकडा दिला. ओळी धावल्या आणि नाव-पासवर्ड मागणारी चौकट समोर आली. तिच्या जिवात जीव आला. एवढ्यावर सोमवार निभावला असता, पण सासूबाई कसल्या ऐकतायत. त्यांनी यंत्र रीतसर बंद करायला लावलं, वीज काढायला लावली आणि झाकण उघडून टॉर्च धरला. जिन्यावरच्या हिसक्यांनी चौथा प्रोसेसर त्याच्या खाचेतून एका बाजूने उचलला गेला होता, जेमतेम नखभर.

"तू बसव. माझी बोटं आता थरथरतात."

सुनेने तो काढला, नीट सरळ धरला आणि दाबला. टक्क आवाज झाला. झाकण लावून, वीज जोडून, या वेळी आकडा न देता यंत्र सुरू केलं आणि दोघी पडद्याला डोळे लावून उभ्या राहिल्या. दुसरा. तिसरा. क्षणभर काहीच नाही. मग चौथा.

सुनेने सासूबाईंना मिठीच मारली. सहा वर्षांत पहिल्यांदा. सासूबाई आधी गडबडल्या, मग त्यांनीही तिला घट्ट धरलं.

"आई, तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?" त्या म्हणाल्या, आणि दोघींना हसू आवरेना.

नवऱ्याचे दोन फोन तसेच वाजून गेले. सासूबाई पडद्यावरून नजर हलवत नव्हत्या. जरा वेळाने त्यांनी काहीशा संकोचाने विचारलं, "अगं, आज कोणी वाचक नाही ना? मग पुन्हा एकदा सुरू करून बघू या? नुसतंच."

सुनेने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "या वेळी बटण तुम्ही दाबा."