चौदा दिवसांची मुदत

प्रभुलिंग हत्तरकी गेले, त्यांची माती झाली, तिसऱ्या दिवशीचंही उरकलं, तरी भवानी पेठेतल्या माडीवरचे त्यांचे पाच जुने कॉम्प्युटर घुमतच होते. अप्पांनी अंगावर घेतलेलं काम अर्धं राहू नये, असं दाक्षायणीनं ठरवलं होतं. लेकीला आता दुसरं करता येण्यासारखं होतं तरी काय?

अप्पांची पूर्वी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. कोर्टाचे अर्ज म्हणा, सोसायट्यांचे ठराव म्हणा, कबूल केल्या वेळेला कागद हातात पडायचा. साऱ्या पेठेत त्यांचं नाव होतं ते त्यासाठी. पुढं टाइपरायटर भंगारात गेले, कॉम्प्युटरचा क्लास आला, तोही बंद पडला आणि ही पाच मशीनं मागं राहिली. त्याच सुमारास दाक्षायणीची आई, शिवलीला, कंपवातानं गेली. शेवटी शेवटी तिला पाण्याचा तांब्यासुद्धा धरवत नव्हता.

अप्पा नुसते बसून असायचे. तेव्हा त्यांचा जुना विद्यार्थी कुमार, ज्याचं जवळच दुरुस्तीचं दुकान होतं, त्यांना म्हणाला की परदेशातली एक संशोधन संस्था ह्याच आजारावरचं एक अवाढव्य गणित सोडवते आहे. एकट्यानं सुटणारं नाही, म्हणून त्याचे तुकडे करून घरोघरच्या रिकाम्या कॉम्प्युटरना वाटतात. आपण आपला तुकडा सोडवून परत पाठवायचा. पैसा मिळत नाही. तुकड्याला मुदत मात्र असते. ती चुकली की तो दुसऱ्याकडे जातो, आपली मेहनत वाया.

मुदत म्हटल्यावर अप्पा सरळ होऊन बसले.

दोघांनी मिळून मशीनं उघडली. मेमरीच्या पट्ट्या काढून शाळेतल्या खोडरबरानं घासल्या, आतली धूळ सायकलच्या पंपानं उडवली. उन्हाळ्यात मशीनं तापत, म्हणून अप्पांनी स्वतःचा पंखा तिकडं फिरवला आणि आपण वर्तमानपत्रानं वारा घेतला. ह्याला ते कायक म्हणत. हातानं होतं ते काम, तीच पूजा, त्याचा गाजावाजा नाही. रोज सकाळी आंघोळ झाली, इष्टलिंगाची पूजा झाली की माडीवर जाऊन किती टक्के झालं ते बघायचं, मग चहा. पुण्याहून, नोकरीच्या गावाहून, दाक्षायणीचा फोन आला की आधी मशीनांची खुशाली सांगत, मग स्वतःची.

ह्या जानेवारीत त्यांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं होतं. पुण्यात, बारा तारखेला. आठ तारखेला अप्पांचा फोन आला.

"दाक्षी, सत्तावीसची तारीख मिळते का बघ."

"का अप्पा?"

"कालच पाची मशीनांवर नवीन काम आलंय. एकवीसपर्यंत पोचवायचंय. लाईट जाते, मशीन अडकतं, इथं माणूस पाहिजे."

"कुमार बघेल की."

"काम माझ्या नावावर घेतलंय. कुमारच्या नाही."

ती चिडली, रागावून बोलली, मग तारीख बदलून घेतली. नातेवाईकांना वाटलं, म्हाताऱ्याला संक्रांतीची गावची गड्ड्याची यात्रा सोडवत नाही. एकोणीस तारखेला सकाळी अप्पा माडीवर गेले ते खाली आले नाहीत. पडद्यावर तेव्हा शहाऐंशी टक्के झाले होते.

माती झाल्यावर त्याच संध्याकाळी दाक्षायणीनं त्या संस्थेला ईमेल लिहिला. वडील वारले आहेत, त्यांनी घेतलेलं काम थोडंच राहिलं आहे, मुदत आठ दिवस वाढवून द्यावी, मी पूर्ण करून पाठवते. असं पत्र त्या लोकांना कुणी कधी लिहिलं नसेल, पण तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. घेतलेलं काम अप्पांच्या नावानं व्हायच्या शिवगणाराधनेच्या जेवणाआधी फेडायचं, एवढंच डोक्यात होतं.

उत्तर आलं तेव्हा त्या जेवणाला दोन दिवस राहिले होते. उत्तर आपुलकीचं होतं. त्यांना वाईट वाटलं होतं, अप्पांनी सहा वर्षं केलेल्या मदतीचे आभार मानले होते. शेवटी लिहिलं होतं, मुदतीची चिंता करू नका. आम्ही इतक्या जुन्या मशीनांना काम देणं दोन वर्षांपूर्वीच थांबवलं, तुमच्या वडिलांच्या नावावर तेव्हापासून एकही काम दिलेलं नाही.

तिनं ते तीनदा वाचलं. मग कुमारला बोलावून घेतलं.

तो आला तेव्हा ऊन माडीच्या उंबऱ्यावर आलं होतं. पस्तिशीचा माणूस, खिशात स्क्रूड्रायव्हर. परवाच्या जेवणासाठी पत्रावळ्या किती सांगायच्या, ते विचारत तो आत आला. तिनं फोन त्याच्या हातात दिला. वाचता वाचता तो मशीनासमोरच्या स्टुलावर टेकला.

"हे काय चालू आहे मग?" तिनं पडद्याकडं बोट दाखवलं.

"मी केलेलं आहे, ताई. आकडा पुढं सरकतो, सर गेल्यावर मी तो थांबवला. बाकी काही नाही."

"दोन वर्षं?"

"त्यांनी काम बंद केलं तेव्हा दोन महिने लई खटपट केली मी. दुसरी मशीनं कुठून आणणार? सर रोज विचारायचे, आज काम आलं का. जेवण तुटलं होतं त्यांचं. मग एका सोमवारी म्हटलं, आलं सर." त्यानं मान खाली घातली. "त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. तुमच्या आत्यांना विचारा."

दाक्षायणीला तो सोमवार आठवला. अप्पा फोनवर हसले होते. ती ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटली होती.

"मुदत का घातलीस?"

"खऱ्या कामाला मुदत असते की. नसती तर सरांना संशय आला असता."

"चौदा दिवस कुणी ठरवले?"

त्यानं कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसली.

"कुमार, सात तारखेला काम आलं म्हणून तू दाखवलंस. ऑपरेशन बाराला होतं. तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"त्यांनी तारीख पुढं ढकलली, तेही?"

"सरांनीच सांगितलं. म्हटलं, पंधरा दिवसांनी काय होतंय. डॉक्टर तारखा देतच असतात." तो खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून हातात फिरवत राहिला. "तुम्ही आलात की म्हणायचात, अप्पा, आता कायमचेच चला. ह्या खेपेला ऑपरेशनला गेले की तिकडंच राहिले असते ते. माझ्या बापानं मला कधी ये, बस म्हटलं नाही, ताई. मी रोज हितंच यायचो."

चोरानं घर धुऊन न्यावं आणि जाताना आपल्याच पायाशी रडत बसावं, तसं तिला झालं. त्याला हाकलावं की पाणी द्यावं, तिला कळेना. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"हा शहाऐंशीचा आकडा शंभरावर न्यायला काय करावं लागतं?"

"आता?"

"आता. माझ्यासमोर."

त्यानं कीबोर्ड ओढला. एक फाइल उघडली, एका ओळीतला आकडा पुसला, दुसरा लिहिला. पाची पडदे एकामागून एक बदलले. शंभर टक्के. काम वेळेत पोहोचलं, आभारी आहोत. खाली अप्पांचं पूर्ण नाव होतं, देवनागरीत. तेही त्यानंच लिहिलेलं.

"अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही," ती म्हणाली.

"ताई..."

"परवा येऊ नकोस."

"वाढायला मी थांबणार होतो. सरांच्या जेवणाला मी नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"वाढायला माणसं आहेत. जा तू."

तो जिन्यानं उतरला. खाली गुरम्मा आत्या ताटात डाळ निवडत बसली होती. तिनं त्याला हाक मारली, चहा घेऊन जा म्हणाली. तो थांबला नाही. आत्या गुडघ्यावर हात टेकत जिन्यापाशी आली आणि वर बघून म्हणाली, "काय गं यव्वा, पोरगं रडत गेलं की. काय बोललीस त्याला? सख्ख्या लेकासारखं केलंय त्यानं अप्पाचं. परवा दिसला नाही तर दहा जणं मला विचारतील."

दाक्षायणी वरच्या पायरीवर बसली.

"तुम्ही वर या, आत्या," ती म्हणाली. "आधी तुम्हाला सांगते. मग ज्यांना विचारायचं आहे त्यांना माझ्याकडं पाठवा."